किनाऱ्याकिनाऱ्याने तरंगंबाडीला

गाडी भाड्याची, मुलूख अनोळखी आणि बरोबर म्हातारी माणसे व लहान मूल. तरीही चार दिवसांची सहल सुखाची होऊ शकते. मात्र त्यासाठी निघण्यापूर्वी काही प्रश्न न लाजता विचारावे लागतात आणि रस्त्यात एखादा निर्णय मनाविरुद्ध घ्यावा लागतो.

"स्टेपनी दाखवा."

चेन्नईत भाड्याची गाडी ताब्यात घेताना माझ्या वडिलांचे पहिले वाक्य हे होते. गाडी घेऊन आलेला मुलगा हसला. "सर, गाडी नवीन आहे. काही होणार नाही," असे त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त डिकीपाशी जाऊन उभे राहिले. डिकी उघडली. स्टेपनीत हवा जवळजवळ नव्हतीच आणि जॅक होता, पण त्याचा दांडा नव्हता. तो मुलगा थोडा कुरकुरला, फोनाफोनी झाली आणि पाऊण तासाने सगळे जागेवर आले. तोवर माझा नवरा दोनदा घड्याळ बघून चुकला होता.

बाबांनी एकतीस वर्षे एसटी चालवली, बहुतेक सगळी चिपळूण आगारातून. आता एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्या डोळ्याला काचबिंदू आहे. परवान्याची मुदत संपली तेव्हा नूतनीकरणाचा फॉर्म मी आणून ठेवला होता. त्यांनी तो घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "पुरे झालं." त्यानंतर वर्षभर ते कुठल्याही गाडीत पुढच्या सीटवर बसले नाहीत. म्हणूनच या वेळी सहल ठरवताना मी एकच अट घातली होती. गाडी मी चालवणार आणि शेजारी बाबा बसणार.

जायचे कुठे, तर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे २८० किलोमीटरवर असलेल्या तरंगंबाडीला. इंग्रजी नकाशांवर हेच गाव ट्रँकेबार म्हणून दिसते. एके काळी इथे डेन्मार्कचा झेंडा फडकत होता, आणि काही काळ या गावाचे भाडे तंजावरच्या भोसल्यांच्या खजिन्यात जमा होत होते. आपल्याकडचे पर्यटक महाबलीपुरम आणि पुदुच्चेरी पाहून मागे फिरतात. खरे तर तिथून पुढे जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर हे शांत गाव आहे. या लेखात त्या गावाची थोडी माहिती आहे, पण त्याहून अधिक आहे ती तिथवर जाण्याची तयारी.

दिवाळीत नको, संक्रांतीनंतर जा

मराठी घरांत सहलीचा बेत बहुधा दिवाळीच्या सुट्टीत होतो. आपल्याकडे तोवर पाऊस संपलेला असतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र नेमका तेव्हाच तो सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तिथे मुख्य पाऊस आणतात आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच अधिक येतात. मे महिन्यात ऊन असह्य असते. तेव्हा जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चची सुरुवात हा काळ उत्तम. पोंगलच्या दिवसांत हॉटेले आणि रस्ते भरलेले असतात. तो सण आटोपला की मग निघावे. आम्ही जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. दुपारी पंखा आणि पहाटे पातळ शाल, असे हवामान मिळाले.

चालकासह की स्वतः?

पहिला मोठा प्रश्न हाच. आमच्या घरी यावर दोन रात्री वाद झाला.

चालकासह गाडी घेतली तर हिशेब किलोमीटरवर असतो. बाहेरगावच्या फेरीला दिवसाला ठरावीक किमान किलोमीटर धरतात, बहुतेक ठिकाणी २५०. म्हणजे चार दिवसांचे हजार किलोमीटर झाले. चेन्नई ते तरंगंबाडी जाऊन-येऊन ५६० आणि इकडेतिकडे फिरणे धरले तरी आपण सातशेच्या वर जात नाही. तरीही पैसे हजार किलोमीटरचेच द्यावे लागतात. हे आधी ध्यानात आले तर त्याचा फायदाही करून घेता येतो. तरंगंबाडीहून तंजावर सुमारे शंभर किलोमीटर आणि तंजावरहून चेन्नई साधारण ३४०. म्हणजे परतताना तंजावर करून आलात तरी हजारांच्या आतच राहता. याशिवाय चालकाचा रोजचा भत्ता, रात्रीच्या प्रवासाचे जादा पैसे, टोल आणि पार्किंग वेगळे असते. तिकडे चालकाच्या भत्त्याला 'बाटा' म्हणतात. तो भाड्यात धरला आहे की वेगळा, हे लेखी विचारून घ्या. आणखी एक विचारा. चालकाच्या झोपण्याची सोय कोण करणार? रात्रभर गाडीत अवघडून झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या मुलाबाळांना घेऊन गाडी चालवणार आहे, हे विसरू नका.

स्वतः चालवायला गाडी घेतली तर भाडे दिवसावर, इंधन आपले आणि अनामत रक्कम वेगळी. इथेही किलोमीटरची मर्यादा असू शकते आणि ती ओलांडली की दर वाढतो. गाडी जिथून घेतली तिथेच परत द्यावी लागते, हेही धरून चाला.

यात एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची नंबरप्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरे असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पिवळी प्लेट आणि काळी अक्षरे. पांढऱ्या प्लेटची, म्हणजे कुणाची तरी खासगी गाडी कमी भाड्यात देऊ केली तर मोहात पडू नका. खासगी गाडी भाड्याने देणे नियमाला धरून नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. शिवाय ज्याच्या नावावर नोंदणी केली आहे त्यानेच गाडी चालवायची असते. आम्ही माझे आणि नवऱ्याचे, अशी दोन्ही नावे आणि दोन्ही परवाने आधीच नोंदवले होते.

अखेर आम्ही स्वतः चालवायचे ठरवले. कारण पैशांचे नव्हते. बाबांना समुद्र दिसेल तिथे थांबायचे होते आणि आईच्या गुडघ्यांना दर तासाने पाय मोकळे करावे लागतात. प्रत्येक वेळी चालकाला "जरा थांबवा हो" म्हणणे तिला जड गेले असते.

गाडी ताब्यात घेताना

वर सांगितलेला स्टेपनीचा प्रसंग इथलाच. बाबांची तपासणी पंधरा मिनिटे चालली. चारी टायरांची झीज, हवा, ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न, आरसे. मग कागद. नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि परवाना. पुदुच्चेरी हा वेगळा केंद्रशासित प्रदेश आहे, तेव्हा गाडीचा परवाना तिथे चालतो का, हे विचारून घेतलेले बरे. तरंगंबाडीच्या दक्षिणेला पंधरा किलोमीटरवर असलेले कारैकालही पुदुच्चेरीचाच भाग आहे.

तोवर मी मोबाईलवर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले. प्रत्येक ओरखडा, बंपरची पोचलेली कड, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. "एवढं कशाला?" असे नवरा म्हणाला. त्याचे उत्तर चार दिवसांनी मिळाले. ते पुढे येईलच.

रस्ता आणि त्यावरच्या गोष्टी

चेन्नईहून निघणारा पूर्व किनारा मार्ग, ज्याला तिथे सगळे 'ईसीआर' म्हणतात, हा गाडी चालवणाऱ्याला मोह पाडणारा रस्ता आहे. डाव्या हाताला मधूनमधून समुद्र, सुरूची झाडे, मिठागरे. मोह पाडणारा म्हणूनच धोक्याचाही. सुट्टीच्या दिवशी इथे वेगाची हौस भागवायला येणारे कमी नाहीत. आम्ही मुद्दाम आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी सातला निघालो.

साधारण ५५ ते ६० किलोमीटरवर महाबलीपुरम लागते. पल्लव राजांनी सातव्या-आठव्या शतकात घडवलेले पाच रथ आणि किनाऱ्यावरचे मंदिर पाहायला दोन-अडीच तास हाताशी ठेवा. १९८४ साली युनेस्कोने या स्मारकांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. ऊन चढण्याआधी पाहून घेतले तर म्हाताऱ्या माणसांना त्रास होत नाही. तिथून पुढे ९५ किलोमीटरवर पुदुच्चेरी. पहिला मुक्काम इथेच करावा. दिवसाला दीडशे किलोमीटर हा बेत कागदावर अगदी आळशी वाटतो, पण घरातल्या तीन पिढ्या बरोबर असतील तर तोच बरोबर.

दुसऱ्या दिवशी पुदुच्चेरीहून पंचवीस किलोमीटरवर कडलूर. इथे देवनांपट्टिनमच्या किनाऱ्याजवळ सेंट डेव्हिड किल्ल्याचे थोडे अवशेष आहेत. पाहण्यासारखे फार नाही, पण मराठी माणसाने दहा मिनिटे थांबावे अशी एक गोष्ट इथे घडली. १६९० साली राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते. मोगलांशी झुंज चालू होती आणि पैशांची गरज होती. त्या वर्षी इंग्रजांनी हा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. सौद्यात अशी अट होती की, किल्ल्यावरून उडवलेला तोफेचा गोळा जिथवर पडेल तिथवरची जमीन इंग्रजांची. त्यांनी अर्थातच लांब पल्ल्याची तोफ मद्रासहून आणवली. गोळ्यांच्या टप्प्यात आलेल्या गावांना पुढे 'तोफगोळ्याची गावे' असे नावच पडले. ही गोष्ट ऐकून बाबा म्हणाले, "करारातलं बारीक अक्षर तेव्हाही वाचलं नव्हतं म्हणायचं!" काल सकाळी भाड्याच्या करारावर सही करताना आम्हीही ते वाचले नव्हते, हे त्यांना सांगण्याचे धाडस कुणाला झाले नाही.

चिदंबरमचा न ठरलेला मुक्काम

कडलूर सोडून वीसेक किलोमीटर आलो आणि मागचे डावे चाक बसले. स्टेपनी तयार होती, जॅकचा दांडा होता, म्हणून अर्ध्या तासात चाक बदलले. बाबा रस्त्याच्या कडेला वाकून माझ्या नवऱ्याला एकेक नट कोणत्या क्रमाने आवळायचा ते सांगत होते. आदल्या दिवशी ती पाऊण तासाची कुरकुर सोसली नसती तर त्या उन्हात आई आणि मुलाला घेऊन आम्ही किती वेळ बसलो असतो, कोण जाणे. मग पंक्चर काढून घेण्यात आणखी वेळ गेला. चिदंबरमला पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि दिवस मावळत होता. पूर्व किनाऱ्यावर जानेवारीत अंधार आपल्याकडच्यापेक्षा लवकर पडतो, हे आम्ही हिशेबात धरलेच नव्हते.

तरंगंबाडी तिथून जेमतेम ५५ किलोमीटर. तिथली खोली आगाऊ पैसे भरून ठेवलेली. नवरा म्हणाला, "दीड तासाचा रस्ता आहे, जाऊ या. पैसे फुकट जातील." मलाही तसेच वाटत होते. बाबा गाडीतून उतरले नाहीत. समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "रस्ता तुझ्या ओळखीचा आहे का, बायो?"

"नाही."

"मग अंधारात त्याच्याशी ओळख करायची नाही. मी ड्यूटीवर असताना नवीन मार्गावर पहिली फेरी कधी रात्री घेतली नाही. घेतली असती तर आज इथे बसलो नसतो."

मुलगा मागे झोपी गेला होता. मी नवऱ्याकडे पाहिले. त्याने काही न बोलता फोन काढला आणि चिदंबरममध्ये खोली शोधू लागला. तरंगंबाडीच्या खोलीचे पैसे परत मिळाले नाहीत. ती रक्कम लहान नव्हती आणि त्या रात्री जेवताना कुणी फारसे बोलले नाही.

पण जेवणाआधी आम्ही नटराजाचे मंदिर पाहिले होते. दक्षिणेतली देवळे दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चार-पाचला पुन्हा उघडतात. आम्ही ठरवल्याप्रमाणे दुपारी तिथे पोहोचलो असतो तर दार बंदच दिसले असते. संध्याकाळी मात्र दिव्यांच्या उजेडात, घंटांच्या गजरात दर्शन झाले. सकाळी न्याहारीला इडलीबरोबर वांग्याचे गोत्सू मिळाले. ही चिदंबरमची खासियत आहे, चुकवू नये.

उजाडल्यावर निघालो. कोळ्ळिडम नदी ओलांडली आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली भातशेती सुरू झाली. सीरकाळीच्या पुढे काही ठिकाणी रस्ता अरुंद होता. कापणीचे दिवस असल्यामुळे शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातले होते. त्याच्या कडेने ओळीने दगड मांडलेले. समोरून विनादिव्याच्या सायकली, मधूनच एखादी म्हैस, वळणावर बिनरंगी गतिरोधक. काल रात्री हेच सगळे आमच्या हेडलाईटपुढे आले असते. नवरा गाडी चालवत होता. एका दगडांच्या रांगेपाशी त्याने वेग अगदी कमी केला आणि आरशातून बाबांकडे पाहिले. बाबा खिडकीबाहेर भात बघत होते. पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही.

वाटेत तिरुक्कडैयूर लागते. मार्कंडेयाला शंकराने यमाच्या हातून सोडवले ते हेच स्थान, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे साठी आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या शांती करायला दूरदूरहून जोडपी येतात. गळ्यात हार घालून, नवरा-नवरीसारखी नटलेली ती म्हातारी जोडपी बघून आई खुदकन हसली. घरात वडीलधारी माणसे असतील तर इथे अर्धा तास जरूर काढा.

तरंगंबाडीत

गावात शिरताना पांढरी कमान लागते. ही डॅनिश काळातली वेस, १७९२ सालची. आतला सरळ रस्ता थेट समुद्राकडे जातो. तोच राजाचा रस्ता, किंग स्ट्रीट. दोन्ही बाजूंना जुने बंगले, चर्च, झाडे आणि एवढी शांतता की आपल्याच गाडीचा आवाज खटकतो. गाडी वेशीपाशी लावून पायी हिंडावे. सगळे गाव दोन तासांत पाहून होते.

टोकाला समुद्रासमोर डान्सबोर्ग किल्ला आहे. १६२० साली डॅनिश नौदल अधिकारी ओव्हे ग्येड्डे याने तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्याशी करार करून हे ठाणे मिळवले. वर्षाचे भाडे ३,१११ रुपये ठरल्याचे सांगतात. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पाठवलेले पत्र आजही कोपेनहेगनला जपून ठेवलेले आहे. पुढे १६७० नंतरच्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावर घेतले आणि डेन लोकांचे घरमालक बदलले. १६९९ साली, व्यंकोजींचे पुत्र शाहजी गादीवर असताना, तंजावरच्या फौजेने या गावाला वेढाही घातला होता. मद्रासच्या इंग्रजांनी डेन लोकांना मदत केली आणि तो उठला.

किल्ल्यात आता संग्रहालय आहे. त्याच्या आठवड्याच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. इथल्या एका कोठडीत १७०८ साली बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाला चार महिने डांबून ठेवले होते, आणि तेही त्याच्याच धर्माच्या डॅनिश गव्हर्नरने. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला हा तरुण १७०६ साली इथे उतरला, वाळूत अक्षरे गिरवणाऱ्या मुलांबरोबर बसून तमिळ शिकला आणि युरोपातून छापखाना मागवला. त्याने केलेले नव्या कराराचे तमिळ भाषांतर १७१५ पर्यंत इथेच छापून पूर्ण झाले. १७१९ मध्ये तो वारला. त्याने बांधलेल्या, १७१८ सालच्या न्यू जेरुसलेम चर्चमध्येच त्याची कबर आहे. समोर १७०१ सालचे झायन चर्चही आहे.

या छापखान्याशी आपलेही दुरून नाते आहे. १७५० साली इथे आलेला श्वार्ट्झ हा धर्मोपदेशक पुढे तंजावरच्या सरफोजी राजांचा गुरू आणि पालक झाला. त्याच सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीला आणले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरात देवनागरी छापखाना घातला. योगायोग असा की, विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमध्ये ज्या श्रीरामपुरात छापले गेले, तेही तेव्हा डॅनिश अमलाखालीच होते. १८४५ साली डेन्मार्कने ही दोन्ही गावे एकाच व्यवहारात इंग्रजांना विकून टाकली. तंजावरला वळसा घालायचा की नाही, असा प्रश्न पडला असेल तर हे उत्तर पुरेसे आहे.

किनाऱ्यावर मासिलामणिनाथाचे मंदिर आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पांड्य राजाने बांधलेल्या या मंदिराचा पुढचा भाग समुद्राने गिळला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या गावाने माणसेही गमावली. आता किनाऱ्याला मोठमोठ्या दगडांचा बांध आहे. पाणी ओढ घेणारे आहे, तेव्हा मुलांना घोट्यापलीकडे जाऊ देऊ नका. लाटांचे आवाज मात्र हवे तेवढे ऐका. गावाच्या नावाचा अर्थच 'गाणाऱ्या लाटांचे गाव' असा सांगतात.

राहण्याची सोय इथे मोजकी आहे, म्हणून आधी नोंदणी करावी आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, हे आमच्यासारखे न विसरता विचारावे. दुसऱ्यांदा आम्ही विचारले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर बाबांची खाट रिकामी होती. ते दगडी बांधाजवळ उभे होते. आयुष्यभर कोकणच्या किनाऱ्याने गाडी हाकताना त्यांनी सूर्य समुद्रात बुडताना हजारदा पाहिला असेल. इथे तो समुद्रातून वर येत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"उलटा आहे सगळा मामला," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "परत जाताना कडलूरपर्यंत तू चालव. तुझा क्लच जरा उशिरा सुटतो, मी बघत होतो."

वर्षभरानंतर ते माझ्या गाडी चालवण्याला नावे ठेवत होते. मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

परत देताना

चेन्नईत गाडी परत केली तेव्हा मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवून अनामत रकमेतून पैसे कापण्याची भाषा सुरू झाली. मी पहिल्या दिवशीचा फोटो काढून समोर धरला. तारीख, वेळ, ओरखडा, सगळे त्यात होते. थोडी बाचाबाची झाली, चार दिवस वाट पाहावी लागली, पण रक्कम पूर्ण परत आली. तरंगंबाडीच्या खोलीचे गेले ते गेले. घरच्या हिशेबाच्या वहीत नवऱ्याने ती रक्कम 'चिदंबरम दर्शन' या नावाखाली लिहिली आहे.

निघण्यापूर्वी एवढे करा

• दिवसाला दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त बेत आखू नका. दर दोन तासांनी थांबा.

• अनोळखी रस्त्यावर सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचा. वाटेतल्या एका जादा मुक्कामाचे पैसे खर्चात आधीच धरा, म्हणजे निर्णय घेताना मन अडत नाही.

• नंबरप्लेटचा रंग, कागदपत्रे, विमा, स्टेपनी, जॅक आणि त्याचा दांडा स्वतः पाहा. 'गाडी नवीन आहे' हे उत्तर नव्हे.

• गाडी घेताना आणि देताना फोटो काढा. इंधनाची पातळी लिहून घ्या.

• टोलसाठी फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे आहेत ना, आणि ते कोणी भरायचे, हे विचारा.

• गावोगावचे रस्ते विचारायला तीन तमिळ शब्द पाठ करा. 'इडदु' म्हणजे डावीकडे, 'वलदु' म्हणजे उजवीकडे आणि 'नेरा' म्हणजे सरळ.

• वडीलधाऱ्यांची औषधे डिकीतल्या बॅगेत नव्हे, पुढच्या खणात ठेवा. आणि त्यांच्यापैकी कुणी कधी गाडी चालवली असेल, तर त्यांना पुढे बसवा.